पोलीस स्थानक की वाहतूक कक्ष? खाकीत जीव कुठे रमतो त्याची तुलना

गोव्यातल्या वाळपईच्या पोलीस प्रशिक्षण विद्यालयातून बाहेर पडून चार-पाच वर्षं झाली, बंदोबस्त आणि पहाऱ्याच्या ड्यूट्या करून झाल्या, की एक प्रश्न येतोच. बदली मागायची झाली तर कुठे मागायची, पोलीस स्थानकात की वाहतूक कक्षात? नेमणूक हुकमाने होते हे खरं. तरी अर्ज करता येतो, कधी इच्छाही विचारली जाते. त्या वेळी आपल्याला नक्की काय हवंय हे माहीत असलेल्या माणसाची पुढची वर्षं बरी जातात. पगार, हुद्दा, रजा यांत दोन्हीकडे फरक नाही, म्हणून त्यावर इथे काही लिहीत नाही. सरकारी नोकरी म्हणून धरलेलं हे काम ‘आपलं’ कुठे वाटू लागतं, एवढंच पाहायचं आहे.

मी स्थानक निवडलं. ते आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तेवढं वजन वजा करता येईल. वाहतुकीला कमी लेखायचा हेतू अजिबात नाही. जीव किती वाचवले असा हिशेब मांडला तर पारडं बहुधा तिकडेच झुकेल, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

भरतीच्या रांगेत उभं राहताना फार थोड्यांना या कामाची ओढ असते. कायम नोकरी, घराला आधार, यासाठी बहुतेक जण येतात आणि त्यात गैर काही नाही. ओढ मागाहून लागते. तीही अख्ख्या खात्याची लागत नाही, कामाच्या एखाद्या तुकड्याची लागते. कोणाला तुंबलेला चौक मोकळा करण्यात समाधान मिळतं, कोणाला घाबरलेल्या माणसाचा जबाब नीट उतरवून घेण्यात, कोणाला हरवलेलं पोर शोधण्यात. म्हणून तुलना करायची तर या तुकड्यांची करावी. टोपीवरच्या बिल्ल्याने काही ठरत नाही.

रस्त्यावरचं काम

वाहतुकीचं काम बाहेरून दिसतं त्याहून पुष्कळ कसबाचं आहे. सकाळी पर्वरीहून मांडवी पुलाकडे उतरणारी रांग घ्या. कोंडी चौकात दिसते, पण तिचं मूळ बहुतेक वेळा शे-दोनशे मीटर पुढे असतं. बस थांब्याच्या अलीकडेच उभी असते, टेंपो माल उतरवत असतो, कोणी पाच मिनिटांसाठी म्हणून गाडी आडवी लावून गेलेला असतो. चौकात उभं राहून नुसती शिट्टी फुंकली तर घसा बसतो, रांग हलत नाही. जाणता हवालदार आधी एक शिपाई पुढे धाडतो, मगच हात दाखवायला लागतो. हात दाखवण्याचंही गणित आहे. एक बाजू साधारण पाऊण ते एक मिनिट सोडावी. त्याहून लांबवली की शेवटच्या गाड्यांमध्ये अंतर पडत जातं आणि चौक अर्धा रिकामा असताना समोरची बाजू उगाच खोळंबते. फार लवकर तोडली तर दर वेळी गाड्या नव्याने सुरू होण्यातच वेळ जातो. हे कोणी वर्गात शिकवत नाही, पायांनी शिकावं लागतं. ज्याला ते जमतं त्याला वीस मिनिटांत डोळ्यांसमोर फळ दिसतं. पोलिसाच्या दुसऱ्या कुठल्याही कामात ते इतक्या लवकर दिसत नाही.

रात्रीची दारू तपासणी हा दुसरा तुकडा. उर्राकच्या, म्हणजे काजूच्या कोवळ्या दारूच्या हंगामात, मार्चपासून मेपर्यंत, आणि डिसेंबरच्या शेवटी तिचा जोर वाढतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा होतो. गुन्हा सिद्ध होणं मात्र बारीकसारीक गोष्टींवर अवलंबून असतं. फुंकायची नळी चालकासमोर नवी फोडायची. त्याने नुकताच घोट घेतला असेल तर पंधरा मिनिटं थांबायचं, कारण तोंडात उरलेल्या दारूने आकडा फुगतो आणि वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली, त्याचं प्रमाणपत्र सोबत आहे का, हे ड्यूटीवर निघण्याआधी पाहायचं. यंत्रातलं घड्याळ दहा मिनिटं मागे असेल तर पावतीवरची वेळ आणि नोंदीतली वेळ जुळत नाही, आणि बाकी सगळं चोख असूनही केस लंगडी पडते. अटक केली असेल तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते, नाही तर माणसाला सोडावं लागतं. महामार्गावरून इस्पितळ गाठेपर्यंत त्यातला बराच वेळ निघून जातो, म्हणून गाडी आणि चालक तयार ठेवूनच नाकाबंदी लावलेली बरी.

हेल्मेटचं सगळ्यांना ठाऊक आहे. कलम १९४-डी, १००० रुपयांचा तालांव (दंडाची पावती), शिवाय परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र ठरण्याची तरतूद. इथे कष्ट कायद्याचे नसतात, तोंडाचे असतात. गोवा लहान आहे. थांबवलेला मुलगा कोणाचा तरी भाचा निघतो, कोणाच्या तरी वाड्यावरचा निघतो, आणि दोन मिनिटांत ओळखीचा फोन येतो. स्थानकातही असे फोन येतातच. फरक इतका की तिथे कागद पुढे गेलेला असतो आणि ‘साहेब, नोंद झाली’ म्हणता येतं. रस्त्यावर यंत्र हातात असतं, तालांव अजून निघायचा असतो, आणि बघणारे चार जण उभे असतात.

अंगावर काय येतं तेही विचारात घ्यावं. आठ-आठ तास उभं राहून पोटऱ्यांच्या शिरा फुगतात, गुडघे बोलू लागतात, धूर आणि हॉर्न यांचा त्रास उशिरा पण नक्की जाणवतो. जून ते सप्टेंबर रेनकोट आतूनही ओलाच असतो. बदल्यात एक मोठी गोष्ट मिळते: ड्यूटी संपली की ती खरोखर संपते. घरी जाताना डोक्यात कोणाची केस नसते. लहान मुलं, आजारी आई-वडील, दुसऱ्या तालुक्यात नोकरी करणारी बायको, असं घर असेल तर ठरलेल्या पाळीची किंमत फार मोठी आहे. ती नाकारणाऱ्याचं मी फारसं ऐकणार नाही.

मला सलत राहिलेली गोष्ट

इतकं चांगलं असून कौल तिकडे का नाही, तर एका गोष्टीमुळे. रस्त्यावर माणूस हाती येतो आणि मधेच सोडून द्यावा लागतो.

अपघाताचं उदाहरण घ्या. आडव्या पडलेल्या दुचाकीशी अनेकदा पहिला पोहोचतो तो वाहतुकीचा शिपाई. १०८ ला फोन तोच करतो. मागून येणाऱ्या गाड्यांसाठी शंकू किंवा निदान झाडाची फांदी तोच लावतो, आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे लावतो, कारण पलीकडे लावलेली कोणाला दिसत नाही. जखमीची मान न हलवता त्याला सावलीत ठेवणारा, त्याच्या खिशात वाजणारा फोन उचलून पलीकडच्या ‘घरचे’ या नावाला काय सांगायचं ते ठरवणारा तोच. गाड्या हटवण्याआधी चाकांच्या जागा खडूने आखून ठेवणं, वीजखांब किंवा किलोमीटरचा दगड चौकटीत येईल असे चार बाजूंनी फोटो काढणं, हेही शहाणा असेल तर तोच करतो. पावसाची सर आली किंवा रस्ता धुतला गेला की ब्रेकच्या खुणा गेल्याच.

मग हद्दीतल्या स्थानकाचा अधिकारी पंचांना घेऊन येतो. पंचनामा त्याचा, गुन्हा त्याचा, तपास त्याचा. वाहतुकीचा माणूस आपलं नाव आणि बक्कल नंबर सांगून चौकात परत जातो. तो जखमी गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) वाचला का, ज्या बाईला फोनवर ‘लवकर या’ सांगितलं तिला नुकसानभरपाई मिळाली का, धडक देणाऱ्याचं पुढे काय झालं, यातलं काहीही रीतसर त्याच्याकडे परत येत नाही. कधी साक्षीचं समन्स आलं तर तेवढाच धागा. बाकी वर्तमानपत्रात चार ओळी वाचायच्या.

तालांवाचंही तेच. हेल्मेट घालायला लावलेला मुलगा सहा महिन्यांनी पडून, डोकं शाबूत ठेवून उठतो, तेव्हा त्याला आपण आठवत नाही आणि आपल्याला ते कळत नाही. वाहतुकीचं यश म्हणजे न घडलेली गोष्ट, आणि न घडलेल्या गोष्टीला चेहरा नसतो. काही माणसांना त्याची गरजही नसते. रांग हलली, रात्र शांत गेली, एवढ्यावर ती समाधानी असतात आणि ती माणसं थोर आहेत. मला चेहरा लागतो. बहुतेकांना लागत असावा असा माझा अंदाज आहे, पण अंदाजच.

स्थानकात धागा कसा पुढे जातो

तोच अपघात स्थानकाच्या बाजूने पाहिला की फरक लक्षात येतो. मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, बेदरकार हाकण्यासाठी २८१, दुखापतीसाठी १२५. हे झालं गुन्ह्याचं. त्यापलीकडे १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तपासाला दिवसांची चौकट आहे. पहिला अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा लवादाकडे, जखमीला किंवा वारसांना त्यांच्या हक्कांची माहिती १० दिवसांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत. या तारखा पाळल्या तर विधवा बाईला वकील शोधत फिरण्याआधीच तिचा दावा लवादासमोर उभा राहिलेला असतो.

चुका कुठे होतात तेही ठरलेलं आहे. मोटार वाहन निरीक्षकाने तपासण्याआधीच गाडी मालकाला सोडली जाते, मग ब्रेक निकामी होते की चालक बेफिकीर होता याचा पुरावा उरत नाही. विमा पॉलिसीची झेरॉक्स घेतली जाते, पण ती अपघाताच्या दिवशी चालू होती का हे कंपनीकडून लेखी घेतलं जात नाही. मृताची कमाई ‘मजुरी करत होता’ एवढ्यावर मोकळी सोडली जाते. तो गवंडी असेल तर मुकादमाचा जबाब, ट्रॉलरवर जात असेल तर मालकाची हजेरीवही, शॅकमध्ये असेल तर हंगामाचा पगार, हे त्याच आठवड्यात मिळतं. वर्षाने कोणी देत नाही, आणि भरपाईचा आकडा त्यावरच ठरतो. तपासणी अधिकारी उपनिरीक्षक किंवा हवालदार असतो, पण ही कागदं गोळा करणारे पाय शिपायाचेच असतात. ज्या शिपायाने मुकादमाला गाठून जबाब मिळवला, त्याने त्या घराच्या पुढच्या पंधरा वर्षांत काही तरी घातलं. त्याला ते माहीत असतं आणि त्या घरालाही.

जबाब लिहिणं हा स्थानकातला माझ्या लेखी सर्वांत मोलाचा तुकडा. गोव्यात त्याला एक वेगळी अडचण आहे. माणूस कोकणीत सांगतो, मध्येच मराठी येते, आणि कागदावर बहुतेक वेळा इंग्रजी उतरतं. ‘ताणें म्हाका मारलें’ या तीन शब्दांत एक थप्पडही असू शकते आणि कोयत्याचा वारही. कशाने मारलं, कुठे लागलं, किती वेळा, त्या वेळी तो कुठल्या बाजूला उभा होता, एवढं विचारलं नाही तर कलम ११५ ची साधी दुखापत लागते, जिथे घातक हत्यारासाठी ११८ लागायला हवं होतं. लिहून झाल्यावर तो जबाब त्याच्या भाषेत परत वाचून दाखवायचा. हे बंधन आहे, पण घाईत ते नावापुरतं उरकलं जातं. नीट वाचून दाखवला की हमखास एक वाक्य येतं, ‘ना, तशें न्हय.’ खरी माहिती त्या वाक्यानंतर सुरू होते. त्या वेळी पेन खाली न ठेवता पान बदलायची तयारी असली, तर या कामाची ओढ लागली म्हणायला हरकत नाही.

किनाऱ्यावरच्या स्थानकांत आणखी एक काम येतं, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पावसाळ्यात किंवा दारू पिऊन समुद्रात उतरलेला पर्यटक बुडतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १९४ खाली अनैसर्गिक मृत्यूची नोंद, पंचनामा, मग उत्तरेत गोमेकॉ किंवा दक्षिणेत मडगावचं जिल्हा इस्पितळ इथे शवचिकित्सा. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढे तेलंगणा किंवा उत्तर प्रदेशातून रात्रभर प्रवास करून आलेला भाऊ स्थानकाच्या बाकावर बसलेला असतो. त्याला पार्थिव विमानाने न्यायचं असतं आणि काय लागतं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. मृत्यूचा दाखला, शवचिकित्सेचा कागद, पार्थिव टिकवण्यासाठी केलेल्या प्रक्रियेचं प्रमाणपत्र, शवपेटीचं प्रमाणपत्र, आणि पोलिसांचा ना हरकत दाखला. घोळ होतो तो नावात. पंचनाम्यात मित्राने सांगितलेलं नाव लिहिलेलं असतं, इस्पितळात वडिलांचं नाव गाळलेलं असतं, आधारवर तिसरंच स्पेलिंग असतं. विमानतळाच्या मालवाहू खिडकीवर कागद जुळत नाहीत आणि त्या कुटुंबाला आणखी एक रात्र काढावी लागते. उपाय साधा आहे. पहिला कागद करण्याआधीच आधार किंवा पासपोर्ट मागवायचा आणि प्रत्येक ठिकाणी नाव त्यातलं अक्षर न् अक्षर पाहून घालायचं. परदेशी नागरिक असेल तर दूतावासाला कळवण्याचं काम त्याच दिवशी सुरू करायचं. या कामाला बक्षीस नाही, बातमी नाही. पण त्या भावाला परक्या गावात भेटलेलं सरकार म्हणजे तो शिपाई असतो.

आणि कायद्यानेच आता मागे वळून बघायला लावलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवावं लागतं, फोनवर संदेश पाठवूनही चालतं. बरेच जण याकडे एक रकाना म्हणून पाहतात. मला ती या नोकरीतली सर्वांत चांगली तरतूद वाटते. ज्याची चोरी झाली त्याला पोलिसाने आपणहून फोन करून ‘अजून सापडलं नाही, पण शोध चालू आहे’ एवढं सांगितलं, तरी त्या माणसाच्या आवाजात फरक पडतो. वाहतुकीत असा फोन करायला नंबरच नसतो.

स्थानकाचं जड माप

आता दुसरी बाजू लपवून उपयोग नाही. स्थानकातली आठ तासांची ड्यूटी बहुधा फलकावरच असते. शिरगावची लईराई जत्रा, जुने गोव्याचं ३ डिसेंबरचं फेस्त, कार्निव्हल, शिगमो, निवडणूक, कोणी बडी असामी दाबोळीला किंवा मोपाला उतरली, प्रत्येक बंदोबस्तात माणसं स्थानकातूनच उचलली जातात आणि हातातला तपास तसाच राहतो. स्थानकातून बदली होऊन वेगळ्या कक्षात गेलं तरी जुन्या केसचं साक्षीचं समन्स मागे येतं, कधी सात-आठ वर्षांनी, आणि तेव्हा पंचनाम्यातली विहीर दारापासून डावीकडे होती की उजवीकडे हे विचारलं जातं. स्वतःच्या वहीत त्या दिवशीच एक कच्चा नकाशा काढून ठेवलेला असेल तर आठवायला सोपं जातं. वही नसेल तर साक्ष देताना घाम फुटतो.

जमिनीची भांडणं हा तर रोजचा वाटा. मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) घर, सामाईक वारसांची नावं, रातोरात घातलेलं कुंपण. लोक स्थानकात येतात कारण दिवाणी न्यायालय लांब वाटतं. हद्द ठरवणं पोलिसाचं काम नाही. शांतताभंगाची शक्यता असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली दोन्ही बाजूंना बंधपत्राने बांधून घेण्याची कारवाई होऊ शकते, तेवढंच. घोळ होतो तो तोंडी शब्दाने. ‘तूर्त राहू दे, नंतर बघू’ असं शिपाई सहज बोलतो आणि पुढे तेच वाक्य ‘पोलिसांनी परवानगी दिली’ म्हणून प्रतिज्ञापत्रात येतं. अशा जागी फक्त काय दिसलं ते टिपायचं, फोटो काढायचा, नोंद करायची आणि मामलेदार किंवा न्यायालयाचा रस्ता सांगायचा. आपल्याच गावच्या मावशीला हे सांगताना जीव तुटतो, तरी.

झोप मोडते, पोट बिघडतं, घरच्यांना गृहीत धरलं जातं. चतुर्थीला माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची आरास) बांधायला घरी नसणं दोन वर्षं सोसतं, सहाव्या वर्षी टोचतं. हे सगळं धरून मी म्हणतो की थकवा दोन्हीकडे आहे, जात वेगळी आहे. रस्त्यावरचा थकवा अंगात राहतो आणि झोपेने जातो. स्थानकातला डोक्यात राहतो आणि कधी कधी एखाद्या फिर्यादीच्या एका शब्दाने जातो. माझ्याकडे याचं मोजमाप नाही, दोन्हीकडची माणसं जवळून पाहून झालेलं हे मत आहे.

तिसऱ्या वाटा, थोडक्यात

काही जण विचारतील की अमली पदार्थ विरोधी कक्ष किंवा सायबर का नाही. दोन्ही चांगल्या जागा आहेत, पण सुरुवातीला नकोत असं मला वाटतं. अमली पदार्थांच्या कायद्यात वजनावर सगळं फिरतं. चरस १०० ग्रॅमहून कमी असेल तर अल्प आणि १ किलोहून जास्त असेल तर व्यापारी, गांजासाठी हेच आकडे १ किलो आणि २० किलो. झडती घेताना राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर ती व्हावी हा संशयिताचा हक्क आहे. कलम ५० प्रमाणे तो त्याला समजेल अशा भाषेत सांगितला नाही, तर खिशात माल सापडूनही केस ढासळू शकते. पंचनामा आणि जबाब स्थानकात दोन-तीन वर्षं घासून हात बसलेला असेल तर तिथे टिकता येतं. सायबरमध्ये १९३० वर तक्रार किती लवकर गेली यावर पैसे अडवले जाणं अवलंबून असतं. ज्याला आकडे आणि खात्यांच्या साखळ्या आवडतात त्याने जरूर विचार करावा.

कोणी काय मागावं

तुम्हाला उघड्यावर राहणं आवडत असेल, भांडणाने मन कडू होत नसेल, फळ लगेच दिसलं पाहिजे आणि घर आठवड्याचं वेळापत्रक मागत असेल, तर वाहतूक मागा, मनात किंतु न ठेवता. मात्र जाताना अपघातस्थळ नीट राखायला शिकून जा, कारण स्थानकाच्या तपासाचा पाया तिथेच घातला जातो. आणखी एक करता येतं. ज्या अपघातात पहिले तुम्ही पोहोचलात त्याचा गुन्हा क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि महिन्याने तपासणी अधिकाऱ्याला विचारा. असं करण्याची कुठे सक्ती नाही, पण हात मधेच सुटल्याचा सल यामुळे थोडा कमी होतो.

आणि एखादी गोष्ट अर्ध्यावर सोडवत नसेल, ज्याच्याशी आज बोललो त्याचं पुढे काय झालं हा प्रश्न घरी जेवतानाही पिच्छा सोडत नसेल, तर स्थानक मागा. त्यातही पहिल्या खेपेला फार मोठं नको. कळंगुट किंवा मडगावसारख्या ठिकाणी आवक इतकी असते की नवा माणूस केवळ धावत राहतो. सांगे, काणकोण, वाळपई, डिचोली अशा ठिकाणी एक केस सुरुवातीपासून दोषारोपपत्रापर्यंत पाहायला सवड मिळते. बीट, म्हणजे ठरावीक भागाची गस्त, मागून घ्या. भाडेकरू पडताळणीचे अर्ज घेऊन वाड्यावाड्यात फिरणं कंटाळवाणं वाटतं, पण कोणत्या घरात म्हातारी एकटी राहते, कोणाच्या खोल्यांत दर महिन्याला नवी माणसं येतात, हे त्यातूनच कळतं, आणि पहिल्या चोरीच्या वेळी तेच उपयोगी पडतं.

अर्जापूर्वी एक करून पाहा. सुटीच्या दिवशी, वरिष्ठांना सांगून, ओळखीच्या स्थानकात रात्री आठ ते बारा ड्यूटी अधिकाऱ्याच्या टेबलाशेजारी बसा आणि येणाऱ्या प्रत्येकाचं पहिलं वाक्य ऐका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच ते आठ एखाद्या गजबजलेल्या चौकात वाहतूक हवालदाराच्या मागे उभे राहा. घरी आल्यावर कशाबद्दल बोलावंसं वाटतं ते बायकोला किंवा आईला विचारा, त्यांना आपल्याआधी कळतं. अर्ज मात्र निरीक्षकांमार्फत, योग्य मार्गानेच पाठवा, बदलीचं कारण एका ओळीत लिहा, आणि ‘घराजवळ पडतं’ हे कारण असेल तर तेही खरं लिहा.